देवराव पुंजाजी कडून

अमरावती, ता. ६ एप्रिल १९५९

श्री. देवराव पुंजाजी तायडे, गुरुजी, मु. अकोला यांस,

पंचफुला देवीदास खंडारे हिचा सविनय जय भीम.

पत्र लिहिण्यास कारण की, काल इतवाराच्या बाजारात आमचा पाण्याचा पितळी गुंड पोलिसांनी जप्त केला असून त्यावर आपले नाव असल्यामुळे आपल्या दोन ओळींच्या जबाबाची आवश्यकता आहे. तरी आपण कृपा करून

हे असं शुद्ध लिहीत बसली तं मायी गोष्ट उद्या सकाळपर्यंत सांगून होणार नाई. तू शिकवलेलं शुद्ध मले येते, पण राग आला की येत नाई, आन् राग आलेला हाये. म्हणून जशी बोलते तशी लिहिते. तुले वाचायचं नसंन तं कौशल्या वहिनीले वाचू दे.

पहिले कामाचं. एका कागदावर लिही: 'हा गुंड मी माझ्या बहिणीस तिच्या लग्नात दिला.' खाली सही कर आन् बाजारातल्या चौकीच्या जमादाराच्या नावानं पाठव. 'बहिणीस' मधली हि ऱ्हस्व. तूच शिकवली, पाटी भरून लिहून घेतली होती. लग्न झाल्यावरही माया पत्राईतल्या चुका लाल शाईनं काढून पत्र मले परत पाठवत होता, ते आठवत असंन.

माफी मागत नाई मी. तुले बी माग म्हणत नाई. माया अंगणात उभं राहून, शेजारपाजार पाहून राहिला असताना तू म्हणला होता, "आजपासून मले बहीण नाई." ते मी विसरली नाई आन् ते परत घे असंही मायं म्हणणं नाई. फक्त गुंड देला होता एवढं लिही. ते तं खोटं नाई ना?

आता झालं काय ते सांगते. हे भिलाईले लोखंडाच्या कारखान्यात लागले. क्वार्टर भेटली. साहेबानं सांगितलं, महिनाअखेर बायको-पोरगी घेऊन राहाले या, नाईतर दुसऱ्याले देऊ. यायनं लिहिलं, जड सामान आणू नको, इथं नळ हाये, जे विकते ते विकून टाक. मंग मी खाट, पाटा-वरवंटा, दोन कंदील, यायची छत्री, सायकलचा पंप (सायकल पहिलेच गेली) आन् पाण्याचा गुंड असं सगळं गाड्यावर टाकून बाजारात नेलं.

बाजारात घ्याले जाणं वेगळं आन् विकाले बसणं वेगळं, हे मले काल समजलं. मी धुतलेली चादर आंथरली, गुंड चिंचेनं घासून लखलखीत केला, आन् घरी पाहुणे येणार असल्यासारखं सारं ओळीत मांडलं. बाजूले इनायतुल्ला चाचा बसते. जुनी कुलपं, मोडके स्टो, किल्ल्या असं विकते. तो पाहून हसला. म्हणे, "बाई, एवढं चमकवलं तं लोक म्हणतीन नवं हाये, मंग विकून काहून राहिली? थोडी धूळ राहू द्या." पहिलं गिऱ्हाईक आलं, त्यानं कंदील अर्ध्या भावात मागितला. मी म्हणलं, चाल पुढं. चाचानं कपाळाले हात लावला. "बोहनीचं गिऱ्हाईक असं हाकलत नाई, बाई. बोहनी होऊ द्या, मंग दिवसभर भांडा." मी लुगडं सावरत त्या माणसामागं पळाली. अर्ध्या बाजारानं पाहिलं. कंदील त्याच्याच भावात देला.

मंग चाचानं गुंड उचलला, फिरवून पाहिला, काठाखालचं नाव वाचलं. आपल्या पेटीतली कानस काढून माया पुढं धरली. "हे नाव घासून टाका. नाववालं भांडं शरीफ माणूस घेत नाई. आन् पोलिसाच्या नजरेत येते."

मी म्हणलं, "नाव राहीन."

"मंग विकू नका."

"विकीन बी आन् नाव बी राहीन."

"ही तं अजब गोष्ट झाली," तो म्हणे.

मले बी समजत नाई, दादा. विकाले काहून आणला, तं रोज पाणी भरताना तुयं नाव माया कमरेले लागे आन् रोज मले तुया राग ये. पण कानस लावाची म्हटली तं हात उचलेना. हे मी कौतुक करून घ्याले लिहीत नाई. जे झालं ते सांगून राहिली.

दुपारी एक बाई आली. भाव ठरत आला होता. तिनं बोट ठेवून नाव वाचलं आन् विचारलं, "देवराव पुंजाजी कोण?" मी म्हणलं, माया भाऊ. "हयात हाये?" हाये. "मंग त्याचा गुंड तुमी काहून विकून राहिल्या?" तिचा आवाज मोठा होता. होळीपासून आमच्या भागात भांड्याच्या चोऱ्या होऊन राहिल्या, त्यामुळं जमादार बाजारात फिरतच होता. तो आला. त्यानं बी बोट ठेवून वाचलं.

"हा तं देवराव पुंजाजीचा गुंड. तुमचं नाव पंचफुला म्हणता."

"भावाकडून लग्नात आला."

"'कडून' कुठं लिहिलं?"

आता आठव. अकोल्याच्या बाजारात आपण नावं टाकणाऱ्यापाशी उभे होतो. तो अक्षरावर पैसे घे. 'देवराव पुंजाजी' टाकून झालं आन् 'कडून'ची पाळी आली, तं तू म्हणला, राहू दे. मी म्हणलं, दादा, मंग लोकाईले समजीन कसं? तू हसला. म्हणला, "बहिणीच्या घरात भावाचं नाव असंन तं ते भावाकडूनच असंन. ते का लिहा लागते?"

लिहा लागते, दादा.

गुंड चौकीत जमा हाये. चाचानं जमादाराले सांगितलं, बाईची जबाबदारी मायी, म्हणून मले घरी येऊ देलं. उत्तर लवकर पाठव.

पंचफुला


अमरावती, ता. ११ एप्रिल १९५९

दादा,

तुयं उत्तर नाई. पोस्टमन रोज गल्लीतून जाते, मी रोज दारात उभी राहाते. आता तो माया दाराजवळ आला की पाय उचलून चालते.

जमादार वाईट माणूस नाई. पण त्याच्यावर बी साहेब हाये, आन् साहेबाले चोर पायजे. त्यानं अकोल्याले विचारणा पाठवली, म्हणजे एखादा शिपाई तुले विचाराले येईन. तोपर्यंत मले रोज संध्याकाळी चौकीत हजेरी द्या लागते. बाहेरच्या बाकावर बसवते. येणारा-जाणारा पाहते. शेजारच्या माणिकबाईनं काल आपली भांडी अंगणातून उचलून आत नेली. तिच्या पोरीच्या बाळंतपणात मी तिच्या घरी तळ ठोकून होती. मले म्हणे, "तुयासाठी नाई वो, पितळेले ऊन लागते."

बाकीचं सामान तसंच पडून हाये. बाजारात माया चादरीपाशी आता कोणी थांबत नाई. बाई थांबली तं तिचा नवरा तिच्या कानात काही सांगते आन् दोघं पुढं जाते. मले सगळ्यात जास्त लागते ते चाचाचं. जमादारानं त्याले सुनावलं, "चोरीचा माल तुया बाजूलेच काहून बसते रे?" माया गुन्हा शाबीत झाला तं त्याची बाजारातली जागा जाईन. तो बापाच्या वेळेपासून त्या जागेवर बसते. मले एका शब्दानं बोलला नाई. त्याची बायको जैनबबी मात्र मले पाहून तोंड फिरवते, आन् तिचं बरोबर हाये.

यायचं पत्र आलं, कोणत्या गाडीनं येतं ते कळव. मी उत्तर लिहिलं की गुंडाले चांगला भाव आला. खोटं लिहिलं. लोखंडाच्या भट्टीपाशी काम करणाऱ्या माणसाले कसं लिहू, तुमची बायको चौकीत बसते म्हणून?

तुया मनात काय हाये ते मले माहीत हाये. तुले तो टाक दिसून राहिला. नागपूरहून दीक्षा घेऊन आलो तवा आपण दोघाईनं मिळून घरातले देव नदीत सोडले, ते खरं. बावीस प्रतिज्ञा तू घेतल्या तशा मी बी घेतल्या आन् पाळते. तू माया घरी आला, ज्वारीच्या कोठीत हात घातला, आन् मायचा चांदीचा टाक तुया हाताले लागला. तू मले विचारलं बी नाई. अंगणात गेला आन् जे बोलायचं ते बोलला.

विचारलं असतं तं सांगितलं असतं. मी त्याले एक दिवस हात जोडले नाई, कुंकू लावलं नाई, देव म्हणून ठेवला नाई. मायनं जन्मभर राख लावून लावून तो घासला, त्यावरचं तोंड पार पुसून गेलं. आता त्यावर देव नाईच. आता त्यावर मायचं बोट हाये. ते मी नदीत कशी टाकू? तुले हे पटणार नाई, नको पटू. पण गुंडाचा आन् टाकाचा काही संबंध नाई. रागात दोन्हीची गाठ मारू नको.

शिपाई येईन तवा तू बहुतेक शाळेत असशीन. पोराईसमोर पोलीस आला म्हणून तुले अपमान वाटीन. राग येऊ दे. पण आधी त्याले उत्तर दे, मंग राग कर.

पंचफुला


अमरावती, ता. १६ एप्रिल १९५९

गुरुजी,

तुमचा जबाब आला. जमादारानं मले उभं करून वाचून दाखवला. मी म्हणलं, पुन्यांदा वाचा. त्यानं पुन्यांदा वाचला, कागद बी दाखवला.

'देवराव पुंजाजी तायडे यांचा कोणताही गुंड चोरीस गेलेला नाही. पंचफुला नावाची त्यांस बहीण नाही.'

शुद्ध हाये. एक काना-मात्रा चुकली नाई.

परवा जयंतीच्या सभेत तू बोलला म्हणते. आमच्या गल्लीतला एक जण अकोल्याले आला होता, तो सांगत होता, गुरुजी बंधुभावावर लई छान बोलले. असंन. त्याच आठवड्यात तू हा जबाब देला. बहिणीचं तुया भाषणात राहूनच गेलं.

आता काय झालं ते समजून घे, कारण तुले वाटलं असंन की चोरी झाली नाई म्हणलं म्हणजे पंचफुला सुटली. नाई सुटली. जमादार म्हणे, "बाई, ज्याच्या नावाचा गुंड तो म्हणते मले बहीण नाई. तुमी म्हणता मी बहीण. मंग तुमी खोटं बोलून राहिल्या. आन् भावाचं खोटं बोलणारी बाई गुंडाचं खरं कशी बोलीन?" 

मी म्हणलं, लग्नातले लोक आणते. तो म्हणे, आणा. कोण आणू? माय-बाबा गेले. ज्यानं मले बोहल्यावर उभं केलं, ज्यानं हा गुंड डोक्यावर घेऊन मांडवातून फिरवला, तो म्हणते बहीण नाई.

मंग जमादारानंच वाट सांगितली. त्याले बी हे लफडं संपवायचं हाये. म्हणे, येत्या इतवारी सकाळी जबाब द्या की हा गुंड कोण्या अनोळखी फेरीवाल्यापासून घेतला, त्यावरचं नाव कोणाचं ते माहीत नाई, देवराव पुंजाजी नावाचा भाऊ मले नाई. गुंड सरकारजमा होईन, लिलावात जाईन. तुमी सुटल्या, म्हातारा सुटला, भिलाईची गाडी धरा. नाईतर कागद पुढं जाते, कोर्ट होते, आन् तुमाले गाव सोडता येत नाई.

चाचा बाजूलेच उभा होता. घरी येताना म्हणे, "देऊन टाका ना, बाई. कागदावरच तं ऱ्हाईन. घरात तं तुमाले मालूम हाये." त्याले आपल्या जागेची भीती हाये, ते त्याच्या डोळ्यात दिसत होतं, आन् तरी त्यानं जागेचं नाव काढलं नाई.

म्हणजे आता माया हातात असं हाये, दादा. तू म्हणला बहीण नाई. मी म्हणली भाऊ नाई, की दोघाईचा जबाब जुळते. सगळे खूश. क्वार्टर भेटते. कुसुमले बाप दिसते. मी खरं बोलली तं चोर ठरते, आन् खोटं बोलली तं शरीफ. असा गुंता तूच करू शकते, तुया एवढं शिक्षण गल्लीत कोणाचं नाई.

मी काल पोळ्या लाटता लाटता म्हणून पाहिलं. मोठ्यानं म्हणून पाहिलं. कुसुम म्हणे, आई, कोणाशी बोलून राहिली? जीभ वळते, दादा. अवघड नाई. तू बी असंच शाळेत पटकन म्हणून टाकलं असशीन, पोरं पाहून राहिली म्हणून.

आता कोणाले पत्र पाठवून उपयोग नाई, तरी पाठवते. इतवारी मी काय सांगीन ते मले अजून माहीत नाई. पण समज मी सांगितलंच, तं ते तू शिकवलेल्या भाषेत सांगीन, म्हणजे तुले लाल शाई काढा लागणार नाई. 'देवराव पुंजाजी या नावाचा मला भाऊ नाही.' बरोबर हाये का तपासून पाह्य.

पंचफुला


अमरावती, ता. २० एप्रिल १९५९

दादा,

मी काल सकाळी चौकीत गेली. चाचा संगं होता. रातभर ठरवून गेली होती की म्हणून टाकायचं. यायचा चेहरा डोळ्यापुढं ठेवला होता, कुसुमचा ठेवला होता, चाचाची ती कुलपाईची पेटी ठेवली होती. तुया चेहरा मुद्दाम नाई ठेवला.

जमादार आतून आला. "बसा बाई," म्हणे. मी नाई बसली. तो काही बोलाले लागला, तं मी म्हणलं, आधी मायं लिहा, नाईतर मले मंग बोलता येणार नाई.

"अवो, ऐकून तं घ्या."

"तुमी लिहा. देवराव पुंजाजी तायडे माया भाऊ हाये."

चाचानं डोळे मिटले.

"तो म्हणते बहीण नाई, ते त्याचं. त्यानं सांगितलं म्हणून मी त्याची बहीण झाली नव्हती, मंग त्यानं सांगितलं म्हणून बंद कशी होईन? माय एक, बाप एक, आन् त्यानं मले पाटीवर हात धरून शिकवलं. गुंड त्यानंच देला. 'कडून' टाकलं नाई कारण त्याले वाटलं ते टाका लागत नाई. तवा तो बरोबर होता. आता चुकला. माणूस चुकते. आन् या चाचाची जागा घेऊ नका. त्यानं तं घास म्हणलं होतं. मी घासलं असतं तं तुमी माया चादरीपाशी थांबले बी नसते. जे झालं ते मी न घासल्यामुळं झालं, आन् मी अजून बी घासणार नाई. मले काय करायचं ते करा."

जमादारानं टाक खाली ठेवला. लिहिणारा टाक म्हणते, तुया तो नाई. म्हणे, "झालं?"

"झालं."

"पहिलेच ऐकलं असतं तं एवढ्या दमल्या नसत्या." त्यानं टेबलाखालून गुंड काढला आन् माया पुढं फिरवून ठेवला. "वाचा."

जुनी अक्षरं घासून घासून मऊ झालेली, आन् त्याच्या पुढं तीन नवी, लखलखीत, काठाकडं जराशी चढलेली. देवराव पुंजाजी कडून.

मी खाली बसली. चाचानं मले पाणी देलं.

मंग समजलं. तू सकाळच्या पहिल्या मोटारीनं आला, नाव टाकणाऱ्याले झोपेतून उठवून चौकीत आणलं, जमादारासमोर ते टाकून घेतलं, नवा जबाब लिहून देला, आन् मी पोचायच्या आधी परत मोटारीत जाऊन बसला. जमादार म्हणे, "मास्तरनं चहा बी घेतला नाई. सारखे दरवाजाकडं पाहत होते." अमरावतीले येऊन बहिणीच्या घरचं पाणी न पिता गेला. हो, विसरली. बहीण नाई ना.

तुया जबाब मी मागून घेऊन वाचला. 'सदर गुंड माझ्याकडून दिलेला आहे.' एवढंच. कोणाले देला ते नाई. गुंडावर बी तेच. देवराव पुंजाजी कडून, आन् पुढं कोरी जागा. तू गुंड सोडवला, मले सोडवलं, चाचाले सोडवलं. सगळं केलं आन् तो एक शब्द नाई लिहिला. मी तुले चांगली ओळखते. तुले तो लिहिता येत होता आन् तू नाई लिहिला.

आता रडून झालं म्हणून लिहाले बसली. चौकीतून सरळ बाजारात गेली होती आन् चादर आंथरली. खाट गेली, पाटा-वरवंटा गेला, दुसरा कंदील माणिकबाईनं घेतला. एकानं गुंडाले चांगला भाव सांगितला. मी म्हणलं, हा विकाले नाई. चाचा हसून म्हणे, "आता तं पक्कं झालं बाई, कडून बी लिहिलं, आता काहून नाई विकत?" मी त्याले माया पंप देऊन टाकला. तो घेत नव्हता. मी म्हणलं, बोहनीच्या वेळी मले वाचवलं त्याचा हाये.

आमी मंगळवारी, २८ले, दुपारच्या गाडीनं निघून राहिलो. बडनेऱ्यावर बसू. ती गाडी मुंबईकडून येते, म्हणजे पहिले अकोल्यावर थांबते. तुले अमरावतीत माया घरी याची लाज वाटत असंन तं ते घर आता रिकामं हाये. गाडी कोणाचं घर नाई. तीत कोणीबी बसू शकते.

पंचफुला


भिलाई, ता. ५ मे १९५९

दादा,

आमी सुखरूप पोचलो. हे स्टेशनवर आले होते. गुंड पाहून म्हणाले, याले तं भाव आला होता ना? मंग सगळं सांगितलं. ते पहिले लई चिडले आन् मंग लई हसले. अकोल्याले जावई म्हणून गेले की तुयाशी भांडणार हायेत, असं लिही म्हणे.

आता तुयं. बडनेऱ्यापर्यंत तिकीट काढून आला आन् वर्ध्यापर्यंत बसून राहिला. तिकीट तपासणारा चढला असता म्हणजे? मास्तरकी गेली असती. बडनेऱ्याले आमच्या डब्यात शिरला तवा कुसुमले उचललं, मले जय भीम बी नाई म्हणला. खिडकीपाशी बसला आन् म्हणला, "गुंड दे." बस, तेवढंच बोलला. खिशातून खिळा आन् दगड काढला तवा मले समजलं. समोरचा मारवाडी कानावर हात ठेवून बसला होता. पुलगावपर्यंत तुयी ठकठक चालू होती. कुसुम मले विचारे, मामा गुंडाले काहून मारून राहिला?

गुंडात मी एक फडकं बांधून ठेवलं होतं. खिळा मारायच्या आधी तू ते बाहेर काढलं. काय हाये ते कोठीतल्यासारखंच तुया हाताले समजलं, कारण तुया हात तठीच थांबला. तू ते मांडीवर ठेवलं, आन् काम झाल्यावर परत आत ठेवलं, गाठ आणखी घट्ट करून. त्याचं मी इथं काही लिहीत नाई.

वर्ध्याले उतरताना तुया डोळ्यात कोळसा गेला म्हणला. गेला असंन.

घरी आल्यावर मी गुंड उजेडात धरून तुयी अक्षरं वाचली. चालत्या गाडीत, खिळ्यानं ठोकलेली, एक वर एक खाली. 'देवराव पुंजाजी कडून बहीणीस.'

दादा, 'बहिणीस' मधली हि ऱ्हस्व असते.

जन्मभर माया चुका काढल्या आन् स्वतः पितळेवर केली, म्हणजे आता लाल शाईनं बी निघत नाई. इथं बाजूच्या क्वार्टरमधे कारखान्यातला फिटर राहाते. त्यानं गुंड पाहिला, वाचला, आन् म्हणे, "वैनी, चूक हाये, कानस लावून बरोबर करून देतो."

मी म्हणलं, राहू द्या.

तुयी बहीण,
पंचफुला